कापशीनंतर

डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा कापशी मांजरीच्या पाठीवरून फिरवला आणि उजेडात धरला. बोळ्याला पिवळसर तांबूस भुकटी लागली होती.

घरात फुलं असतात का, असं त्यांनी विचारलं. एरवी सुवर्णाला हसू आलं असतं. मखमलाबादच्या बाजूला त्यांचं शेत, शेतात झेंडू आणि शेवंती. फुलं अंथरुणातसुद्धा सापडायची. तिने तसं सांगितलं.

"झेंडूने काही होत नाही. लिली आहे का? मोठ्या पाकळ्यांची?"

सुवर्णाने दाराकडे पाहिलं. गोरक्ष सलाईन आणायला समोरच्या दुकानात गेला होता.

लिली होती. गेल्या आठवड्यात शेवंती घेऊन तो फुलबाजारात गेला आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली लिली घेऊन आला. लग्नाला तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत गाड्या भरून फुलं त्याने विकली, देवासाठी बाजूला काढली, पण बायकोसाठी म्हणून एक फूल कधी घरात आणलं नव्हतं. "व्यापाऱ्याकडं उरली व्हती," एवढंच बोलला आणि मोरीत जाऊन उगाच कितीतरी वेळ हात धूत बसला. असली फुलं कुणाकडे उरत नाहीत, हे सुवर्णाला कळत होतं. तिने ती तांब्यात घालून खिडकीत ठेवली. खिडकीखाली कापशीची झोपायची जागा. पांढऱ्या पाठीवर भुकटी दिसली, तेव्हा सुवर्णाला वाटलं, हळद सांडली असेल. कापशीने नेहमीसारखं अंग चाटून काढलं.

डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. लिलीचं पान, फूल, भुकटी, सगळंच मांजराला विष. जरासं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं बंद पडतात. पहिल्या उलटीलाच आणलं असतं तर काही करता आलं असतं. पहिल्या उलटीला म्हाताऱ्या कापशीने काहीतरी खाल्लं असेल म्हणून सुवर्णानेच पुसून टाकलं होतं. आता सलाईन लावू, पण आशा ठेवू नका, असं बाईंनी सांगितलं.

"डॉक्टर, ह्यांना सांगू नका," सुवर्णा म्हणाली. "वय झालंय म्हणून सांगा."

फार वर्षांपूर्वी गोरक्षने बैलाला ओला चारा जास्त घातला होता. बैलाचं पोट फुगलं आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर गोठ्यात जनावर आलं नाही. पुढे लेकीने, वैष्णवीने, शाळेतून येताना मांजराचं पिल्लू उचलून आणलं, तेव्हाही नको म्हणून तो बरेच दिवस अडून बसला. मग तेच पिल्लू रोज संध्याकाळी त्याच्या मांडीवर झोपायला लागलं. वैष्णवी लग्न होऊन विंचूरला गेली, कापशी मात्र त्याच मांडीवर म्हातारी झाली.

गोरक्ष सलाईन घेऊन आत आला. डॉक्टरबाईंनी एकदा सुवर्णाकडे पाहिलं आणि या वयात असं होतं, असं त्याला सांगितलं. त्याने मान हलवली.

मग रोज सकाळी स्कूटरवर मांडीत टोपली घेऊन सुवर्णा मागे बसायची. कापशीची लघवी उतरलीच नाही. दूध तोंडाजवळ नेलं तरी ती मान फिरवायची. शेवटी तोंडाला घाण वास यायला लागला, अंगाला झटके यायला लागले आणि एका सकाळी गोरक्षच्या मांडीवरच ती गेली. त्याने तिला शेवंतीच्या बांधाला पुरलं.

"म्हातारी झाली व्हती. तिचं सोनं झालं," तो म्हणाला. सुवर्णाने हो म्हटलं.

लिली तिने पहिल्याच दिवशी उकिरड्यात खोल गाडून टाकली होती. सुकली म्हणून टाकली, असं त्याला सांगितलं. ते ऐकून तो खिडकीकडे बघत राहिला. महिनाभरात त्याने घराच्या दारालगत हिरव्या जाळीचं छोटं शेडनेट उभं केलं आणि त्यात कंद लावले.

"लिली हाय. तुला आवडली व्हती ना," तो म्हणाला. "म्हटलं, दारातच असूदे."

नको म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. सुवर्णाने रात्रभर दुसरं कारण शोधलं. सापडलं नाही. सकाळी तिने कंदांना पाणी घातलं.

लिलीला कळ्या आल्या, त्या सुमारास एका दुपारी गोरक्ष शेजारच्या सिंधुबाईंकडून आला. सदऱ्याची वरची बटणं उघडी होती आणि त्यातून एक पिवळं पट्टेरी पिल्लू डोकं बाहेर काढत होतं.

"सिंधुबाईनं आपल्यासाठी राखून ठेवलं व्हतं," तो म्हणाला. "घर लय सुनं वाटतं गं."

पिल्लू नख्या रुतवत त्याच्या खांद्यावर चढलं. तो हसला. कापशी गेल्यापासून पहिल्यांदाच हसला. त्याने पिल्लू सोडवून तिच्यापुढे धरलं. सुवर्णाने हात पुढे केले नाहीत. त्याच्या मागे, उघड्या दारातून शेडनेटमधल्या कळ्या दिसत होत्या.

"मला मांजर नको," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता देऊन या."

त्याला आधी ती थट्टा वाटली. तिने पुन्हा तेच सांगितलं. त्याचा हात हळूहळू खाली आला. पिल्लू छातीशी घेऊन तो तिच्याकडे पाहत राहिला, अनोळखी बाईकडे पाहावं तसा.

"एवढ्या वर्षांची माया," तो म्हणाला, "इतक्यात संपली?"

"संपली," सुवर्णा म्हणाली.