अर्धा ठोका उशीर

"नाही झुमाश, आम्ही येत नाही. दुसरं कुणी बघ," सागिनाली फोनवर म्हणाले आणि फोन पालथा ठेवला.

सेझिमने सासऱ्यांच्या पेल्यात रीतीप्रमाणे अर्धाच चहा ओतला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे केला.

"त्या कोल्ह्यामुळे ना?" तिचा नवरा मेलिस म्हणाला. "बाबा, इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं. त्यासाठी टीव्हीवर जायचं सोडायचं?"

"राहू दे रे."

"सापडू दे तो मला. बोटंच मोडतो त्याची."

सेझिमने बोटं बाहीत ओढून घेतली.

दोन वर्षं ती 'म्हातारा कोल्हा' या नावाने लिहीत होती. दुपारी मुलगी झोपली की तासभर. ज्या व्हिडिओ गेममधला घोडा दिवसभर दौडून दमत नाही, तो गेम करणाऱ्याने घोडा पाहिलेलाच नाही, असं तिचं मत. मालिकेतली सून रडताना तिचे हात कधी कणकेचे नसतात, म्हणून ते रडणं खोटं. आणि रॉकमध्ये गाणारा घसरला तर चालतं, ड्रमवाला घसरला की सगळं घर खाली येतं. लोकांना हे आवडायचं. तिलाही आवडायचं.

मागच्या आठवड्यात कुणीतरी एक जुनं गाणं टाकलं. तोकमोक शहरातल्या कारखान्याच्या बँडचं, शहाऐंशी सालचं. चित्र नाही, वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, नुसता आवाज. तिने ते चारदा ऐकलं आणि लिहिलं, "गिटार बरी, गाणारा त्याहून बरा. ड्रमवाल्याचे हात मात्र पलीकडच्या झांजेपर्यंत पोचतच नाहीत. दर वेळी अर्धा ठोका उशीर. ढेरी आड येत असेल तर गड्याने मांस-शेवयांचा बेशबरमाक कमी खावा, नाहीतर खुर्ची तरी पुढे ओढावी."

हजारो लोक हसले. एकाने चित्रही काढलं, मांसाचं ताट आणि ढेरीवर ठेवलेल्या काठ्या.

दोन दिवसांनी झुमाशचा फोन आला. तो त्या बँडचा गिटारवाला. बिश्केकचं एक टीव्ही केंद्र जुन्या बँडना पुन्हा बोलावत होतं, शुक्रवारी चित्रीकरण होतं. बँडच्या जुन्या यादीत ड्रमवर सागिनालींचं, तिच्या सासऱ्यांचं, नाव होतं हे सेझिमला तेव्हा कळलं. लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण या घरात कुणी बँडचा शब्द काढला नव्हता.

तो एक दिवस घर नुसतं हसत होतं. बाबा गुणगुणत होते. सासूबाईंनी, म्हणजे अपांनी, पेटीतलं मखमली जाकीट काढून उन्हात टाकलं. मग कुणीतरी बाबांच्या फोनवर कोल्ह्याचा लेख पाठवला. अपांनी हट्ट धरला म्हणून मेलिसने तो जेवताना मोठ्याने वाचला. त्यानंतर कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

बाबा तर काडीसारखे. तरुणपणी असतील जाड, असं सेझिमने स्वतःला समजावलं.

त्या दिवशी भांडी घासताना अपांनी विचारलं, "तुला कळतं ना गं त्यातलं? खरंच उशीर होतो का तो ठोका?"

"नाही अपा. त्या माणसाला काही कळत नाही."

"होतही असेल," अपा म्हणाल्या आणि फडकं पिळायला लागल्या. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून त्या चहालाही आल्या नाहीत.

लेख काढून टाकून काय होणार, तो तर गावभर फिरत होता. जाहीर माफी मागावी, तर सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, कागदावरसुद्धा नाही. आणि नावाशिवाय माफी कुणाची? नमाजात कपाळ टेकलं की तिला ते वर उचलवेना. दिवसातून पाच वेळा अल्लाहचं नाव घेणारी जीभ दुपारी हे धंदे करत होती.

गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर, ती अंगणात गेली. बाबा शेगडीचं नळकांडं झटकत होते. तिने छातीवर हात ठेवून वाकून सलाम केला.

"हे काय गं सणासारखं?"

"बाबा, तो कोल्हा मी आहे."

नळकांडं त्यांच्या हातातच राहिलं. काजळी त्यांच्या बुटांवर पडत राहिली.

"मला माहीत नव्हतं. मला माहेरी पाठवा, काहीही करा, पण उद्या तुम्ही जा. मी सगळ्यांसमोर लिहीन की मी चुकले. तुम्ही नुसते ड्रमवर बसा."

"चुकलीस कुठे?" बाबा म्हणाले. "ठोका उशिरा पडतोच. मी तेव्हाही म्हटलं होतं."

सेझिमला अर्थ लागला नाही.

"तुला वाटतं, मी रुसलोय. मला काय होतंय? गाणं टेपवर भरलं त्या दिवशी माझा हात प्लास्टरमध्ये होता, बाळा. काठी धरता येत नव्हती. पण घरची सून ड्रम बडवते हे माझ्या आईला कळलं असतं, तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून माझं नाव लावलं. उद्या टीव्हीवर खरं नाव सांगायचं ठरलं होतं. अडतीस वर्षांनी ती हो म्हणाली होती."

त्यांनी नळकांडं भिंतीला टेकवलं. अपांच्या खोलीचा पडदा ओढलेला होता.

"खुर्ची पुढे कशी ओढणार होती ती? मेलिसचा आठवा महिना चालू होता तिला."