वळ

कॅज्युअल्टीतल्या यंत्रासमोर येताच मोडका हात धरून कुंदा डॉक्टरांना म्हणाली, "आज एवढा हात तसाच राहू द्या. मागच्या खेपेला तुम्ही बरं केलंत, आणि पोलीस चौकीत विचारलं, बाई, मार कुठं आहे?"

"जखम दिसली की हे मशीन आपोआप सुरू होतं गं. मला थांबवता येत नाही," डॉक्टर नजर चुकवत म्हणाल्या.

निळ्या उजेडात हाड जुळलं, सूज उतरली, गळ्यावरचे बोटांचे वळही पुसले गेले. दुखायचं थांबलं तशी कुंदा रडू लागली.

बाहेर बसलेल्या नवऱ्यानं तिचा हात उलटसुलट करून नीट पाहिला. मग अगदी नम्रपणे डॉक्टरांना विचारलं, "मॅडम, हे मशीन घरी ठेवायला मिळतं का?"