शेजारची सीट

बाबांच्या माघारी त्यांच्या जुन्या गाडीचं सगळं वायरिंग मी नवं केलं, तरी आई शेजारी बसली की फ्यूज उडायचाच. “माझाच पायगुण,” ती म्हणाली. शॉर्ट कुठे होतोय ते कळावं म्हणून फ्यूजच्या जागी बल्ब जोडून तिला पुन्हा बसवलं. ती बसली की बल्ब पेटायचा, उठली की विझायचा. शेवटी सीटच उचकटली. खाली, वायरिंगच्या नकाशात नसलेली एक वायर स्प्रिंगला घासून उघडी पडली होती. तिच्या एका टोकाला बसलं की दबणारं बटण, दुसऱ्याला डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा. आईने त्या दिव्यावर बोट ठेवलं. “मी बसले की हा लागायचा. ‘गाडी तुला ओळखते,’ म्हणायचे हे! जन्मभर बनवलं मला!” लहानपणी मी पुढे बसायला गेले की बाबा दटावायचे, “मागे हो, गाडी गोंधळेल.” वायर बदलली. आई बसली, दिवा लागला. “इथे दुसऱ्या कुणाला बसवू नकोस,” ती म्हणाली, “गाडी गोंधळेल.”