मिशीतली शिट्टी

"मशीन ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "साहेबांच्या मिशीमुळे नाकावरचा मास्क नीट बसत नाही. शिट्टी वाजते ती तिथून."

आणि मी महिनाभर त्या घोरण्यावरच्या सीपॅप मशीनखाली टॉवेल घालत होते, कानांत कापूस कोंबून झोपत होते!

"वडील हयात असताना मिशी उतरवत नाहीत," हे म्हणाले. विषय संपला.

मामंजींना घेऊन लग्नाला गेलो, तर लॉजवर तिघांना एकच खोली मिळाली. सकाळी माझं डोकं फिरलं.

"म्हणजे मी आता मामंजी जायची वाट बघत बसू?"

शेजारच्या खाटेवर मामंजी लाल डोळ्यांनी उठून बसले होते. मी जीभ चावली. त्यांनी पिशवीतून स्वतःचा वस्तरा काढून लेकापुढे ठेवला.

"काढ ती मिशी. मेल्यावर झोपायचंच आहे मला, जिवंतपणीही जरा झोपू दे की!"