नमुन्याचं भांडण

विलास आणि सुलभा काळमेघ हे राजापेठेतलं समुपदेशक जोडपं. पालकांच्या मेळाव्यात दोघं आधी मुलावरून खोटं खोटं भांडतात आणि मग ते भांडण मिटवायचं कसं, हेही करून दाखवतात. भांडण नेहमीचंच, ठरलेलं: पोराला मोबाइल कोणी घेऊन दिला?

परवा दर्यापूरच्या शाळेत मात्र सुलभाताईंनी भलतंच विचारलं.

"तुमी त्याले गाडीची चावी काहून देली?"

विलासराव माइक घेऊन सुलभाताईंकडे वळले. मग म्हणाले, "लय मांगं लागला होता तो. मले नाही म्हनता आलं नाही. माह्यं चुकलं, सुलभा."

यावर सुलभाताईंनी हसून "जाऊ द्या, चला चहा घेऊ" म्हणायचं, असं ठरलेलं. त्या म्हणाल्याच नाहीत. पालकांना वाटलं, काय हुबेहूब करतात दोघं! टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेत बसलेल्या हाजराबी डोळे पुसत उठल्या. "मॅडम, घरी बी तुमी असंच भांडता काय?"

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. "घरी आमी भांडतच नाही."

"घ्या!" मागून कोणीतरी म्हणालं. "याले म्हनतात संसार!"



त्यांच्या शिवमच्या फोटोला हार चढला, त्या दिवसापासून त्या घरात कोणी गाडीच्या चावीचं नाव काढलं नव्हतं.