पक्का जॉब

मशीनवर चढवलेल्या लोखंडाच्या तुकड्याला उद्यमनगरात जॉब म्हणतात. तिथल्या एका कारखान्यात कामाला असलेल्या नृसिंहच्या मशीनवरचा जॉब आठवडाभर सरकत होता आणि प्रत्येक भोक वाकडं पडत होतं. शेवटी आण्णा मिस्त्रींनी स्वतः ठोकळे लावून तो असा आवळला की सकाळपासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

तेवढ्यात जयसिंगपूरचे एक मास्तर आले. नृसिंहला मुलगी द्यावी का, याची गुपचूप चौकशी करायला आलेले. बोलण्यात इंग्रजी पेरायची त्यांना भारी हौस. आण्णांना वाटलं, गिऱ्हाईक असेल.

"नृसिंहचा जॉब पक्का आहे ना?"

"आधी लई हलायचा. आता मी सोता आवळलाय. केसभर सरकायचा न्हाय!"

मास्तर खूश झाले आणि थेट पेढे आणायला गेले. पुडा घेऊन दारात परत येतात तोच आण्णा हात पुसत ओरडले, "पावणं, उशीर केलासा की! नृसिंहचा जॉब आत्ताच काढला. उद्या तिथं दुसरा लावायचा!"

 

दोरी न सुटताच पेढ्यांचा पुडा चारच्या यष्टीनं जयसिंगपूरला गेला.