पोटावरचा डाग

"शर्ट वर कर," त्याची वकील अनघा म्हणाली.

कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसाशेजारी उभ्या असलेल्या सत्यमने आधी आईकडे पाहिलं. मगच शर्ट उचलला. बेंबीशेजारी विळ्याच्या टोकासारखा भाजल्याचा व्रण होता.

अनघाने मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा लावला. पवना नदीच्या गुडघाभर पाण्यात उघड्या अंगाचा सत्यम गावातल्याच संदेशचं डोकं खाली दाबून धरत होता. तोंड सत्यमचंच, पोटावर मात्र डाग नव्हता.

"हा कधीचा?"

"तान्हा व्हता तवाचा," त्याची आई रतनबाई म्हणाली. "पोट लय दुखायचं. इळा तापवून डागलं. आमच्या लोहगडवाडीत तवा समदेच डागायचे."

अनघाला हायसं वाटलं. खुनाचा हा तिचा पहिलाच खटला. संदेश बुडाला त्याच दुपारी व्हिडिओ गावभर फिरला आणि रात्री सत्यम घाबरून सुरतेला पळाला. दोन वर्षांनी सापडला. आजकाल कुणाचंही तोंड कुणाच्याही धडावर बसवता येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

कोर्टात तिने हेच मांडलं. व्हिडिओ काढणारा सापडला नव्हता, मूळ मोबाइलही नाही. फेरफार झालाय की नाही, हे प्रयोगशाळेला ठामपणे सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, व्रण जुना आहे, नेमका कधीचा ते कळणार नाही. रतनबाईने शपथेवर साक्ष दिली. मागे संदेशची आई येसूबाई तोंडाला पदर लावून बसली होती. तिच्याकडे बघायचं अनघाने टाळलं.

संशयाचा फायदा मिळून सत्यम सुटला.

अनघाच दोघांना गाडीने घरी सोडायला गेली. चहा पिऊन निघाली आणि ओसरीवर राहिलेला काळा कोट घ्यायला परत आली. आत सत्यमची धाकटी बहीण तेजल बाळंतपणाला आली होती. तिचं तान्हं एकसारखं रडत होतं.

"आये, पोट दुखतंय ह्याचं," तेजल म्हणाली. "दादाला डागलंस तसं ह्यालाबी डाग की."

अनघाने कोट उचलला. आतून रतनबाईचा आवाज आला, साक्षीच्या वेळी होता तसाच शांत.

"गप. आपल्या घरात तान्ह्या लेकराला कदी डागलं न्हाई. इळा एकदाच तापवला, तुज्या दादानं संदेशला बुडवलं त्या सांजंला."